भोयर सर आणि शेडमधलं पिल्लू

भोयर सर माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. ते हाडांकडे बघतात.

आम्ही या बिल्डिंगमध्ये राहायला आलो त्या दिवशी मी एका हातात कुकर आणि दुसऱ्या हातात देवांची पिशवी घेऊन जिना चढत होते. वरून एक उंच, किडकिडीत, पांढऱ्या बुशशर्टातले गृहस्थ उतरत होते. मला बघून थांबले. मला वाटलं, नव्या शेजारणीची चौकशी करतील. त्यांनी माझ्या खांद्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाले, "पर्स डाव्याच खांद्यावर घेता ना जी? उजव्यावर घेत जा. गळ्याजवळचं हाड वाकून राह्यलं." आणि उतरून गेले. माझं नाव त्यांनी विचारलं ते थेट पुढच्या दिवाळीत.

सर जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात शरीररचना शिकवायचे. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. मूळचे खाप्याचे, कन्हान नदीच्या काठचे. लग्न केलं नाही. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. एकटे म्हणजे एक वानर, एक कोंबडा, दोन मांजरी आणि एक घोरपड यांच्यासोबत, आणि यातलं कोणीच जिवंत नाही. सगळे सांगाडे. वानर खिडकीजवळ उभं असतं. पंखा लावला की ते हळूच मान हलवतं. सरांकडे स्वयंपाकाला आलेल्या तीन बायका या एका मान हलवण्यापायी काम सोडून गेल्या. चौथी टिकली, पण ती स्वयंपाक होईस्तोवर पंखा लावू देत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात.

"मांस सोडा, हाडाचं बोला," हे सरांचं पालुपद. कोणी राजकारणावर बोलो, भाज्यांच्या भावावर बोलो, की माझ्या सासूबाई आपल्या पित्ताची कहाणी लावोत. सर थोडा वेळ ऐकतात आणि हात वर करून म्हणतात, "ते जाऊ द्या जी. मांस सोडा, हाडाचं बोला." सासूबाईंना हा आपल्या पित्ताचा अपमान वाटतो.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी चांडकजी. इतवारीत त्यांचं दोरखंड, सुतळी आणि ताडपत्रीचं ठोक दुकान आहे. एका मीटिंगमध्ये ते लिफ्टच्या दुरुस्तीवर बोलत होते आणि सर समोर बसून त्यांच्या डोक्याकडे एकटक बघत होते. चांडकजींना बरं वाटलं असावं, निदान एक तरी माणूस लक्ष देतोय. मीटिंग संपल्यावर सर त्यांच्याजवळ गेले आणि अगदी मनापासून म्हणाले, "चांडकजी, तुमची कवटी फार सुंदर आहे. अशी गोलाई आता पाह्यला भेटत नाही. जपा. आन् तिच्याशी तुमचं काम संपलं का मले कळवा."

चांडकजी दुसऱ्या दिवसापासून टोपी घालू लागले.

लोक हसायचे. मीही हसायचे. पण कोराडीच्या वीजकेंद्रातली ड्यूटी संपवून संध्याकाळी बसमधून उतरावं, केसांत राख, डोळ्यांत राख, आणि सर गेटवर उभे असावेत, गेटातून आत येणाऱ्या एकेकाला गुडघ्यापासून वरपर्यंत निरखत. तेव्हा हसू यायचं नाही. हा माणूस आपल्याला आताच मेल्यानंतरचं बघतोय, असं वाटून मी पदर सारखा करायचे. पदराने हाडं झाकली जात नाहीत हे माहीत असूनही.

मागच्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, एका सकाळी आमच्या आवारात टेम्पो शिरला. कोकणातून आला होता. वर हापूस आंब्यांच्या पेट्या, खाली गोणपाटाची मोठाली गाठोडी. आंब्याचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचला आणि बिल्डिंग खाली उतरली. चांडकजी सगळ्यांत पुढे. ड्रायव्हर म्हणाला, "पेट्या बाजारात जायच्या आहेत. इथं फक्त खालचं उतरवायचंय." चांडकजींना वाटलं, खालचा माल जास्त चांगला असणार. त्यांनी एका गाठोड्याची सुतळी सोडली आणि आत हात घातला.

त्यांनी हात बाहेर काढला तेव्हा त्यांच्या हातात स्टुलाएवढा एक मणका होता.

"देवमाशाचा आहे," मागून सर म्हणाले. "खाली ठेवा. लहान आहे, लागन त्याले." मग स्वतःशीच दचकल्यासारखे झाले आणि म्हणाले, "म्हणजे, नमुना खराब होईन."

झालं होतं असं. सरांची एक जुनी विद्यार्थिनी, डॉक्टर सुजाता, कोकणात किनाऱ्यावरच्या एका गावात काम करते. तिथे देवमाशाचं एक पिल्लू वाळूवर आलं. गावानं त्याच्यावर ओल्या चादरी टाकल्या, बादल्यांनी पाणी ओतलं, भरतीच्या वेळी सगळ्यांनी मिळून खोल पाण्यात ढकललं. ते परत आलं. पुन्हा ढकललं, पुन्हा आलं. मग मेलं. त्याला वाळूत पुरलं. वाळूनं आपलं काम केल्यावर हाडं उकरून काढली. त्या गावात समुद्राची माहिती देणारं एक केंद्र उभं राहत होतं आणि तिथे हा सांगाडा लावायचा होता. पण तो जोडणार कोण? सुजातानं सरांना फोन केला. सरांनी देवमासा कधी पाहिला नव्हता. समुद्रही पाहिला नव्हता. ते म्हणाले, "मणका म्हणजे मणका. पाठवून दे वं."

वनखात्याची परवानगी होती. ती सरांनी मागच्या टिनाच्या स्कूटर-शेडच्या दारावर चिकटवली, सगळ्यांच्या स्कूटरी उन्हात काढल्या आणि आत हाडं मांडायला घेतली.

त्या दिवसापासून आमच्या बिल्डिंगला समुद्राचा वास येऊ लागला.

नागपूरचा मे ज्यानं भोगलाय त्यालाच कळेल. भर दुपारी रस्ता मेलेला असतो. पक्षीसुद्धा बोलत नाही. लू वाहते, तिला भाजलेल्या मातीचा वास असतो. त्या कोरड्या वाऱ्यात अचानक ओला, खारा, कुजकट वास. मी लग्न झाल्यावर एकदाच समुद्र पाहिला होता. तो वास मला बावीस वर्षांनी जिन्यात भेटला.

आणि हाडांना घाम यायचा. सरांनी सांगितलं की देवमाशाच्या हाडांत तेल असतं आणि ते कितीतरी वर्षं झिरपत राहतं. उष्म्यानं ते आणखी सुटायचं. सर साबणाच्या कोमट पाण्यात एकेक हाड घासायचे, पुसायचे, आपल्या जागी ठेवायचे. सकाळी बघावं तर फरशीवर त्या प्राण्याचा ओला आकार उमटलेला असे. फडक्यानं पुसला तरी दुसऱ्या दिवशी तिथेच, तसाच.

शेड पुरत नव्हती. शेपटीकडचे मणके दाराबाहेर कडुनिंबाखाली मांडले होते. गल्लीतली कुत्री यायची. एवढी हाडं समोर असताना एकाही कुत्र्यानं तोंड लावलं नाही. भुंकलीही नाहीत. ओळीनं बसायची, शेडकडे तोंड करून, ऊन डोक्यावर येईपर्यंत. मग उठून निघून जायची.

सासूबाई म्हणाल्या, "दुपारी कोणीतरी श्वास घेऊन राह्यलं खाली."

मी म्हटलं, कूलरचा आवाज असेल. त्यांनी कूलर बंद केला. आम्ही दोघी घाम पुसत खिडकीशी उभ्या राहिलो. खालून एक लांबच लांब सुस्कारा आला. थांबला. मग पुन्हा आला. "टिनातून वारा जातो, आई," मी म्हटलं. तसंच असणार. पण वारा पडल्यावर मी पुन्हा कान दिला नाही. मुद्दामच.

एका रविवारी सरांनी मला खाली बोलावलं. "तुमचे हात लहान आहेत ताई. बारकी हाडं लावायची आहेत. मदत कराल का जी?" त्यांनी माझ्यापुढे एक परात ठेवली. तीत लांबट, मधे बारीक झालेली हाडं होती. लहानमोठ्या अंदाजानं मी ती सरांनी शेजारी पसरलेल्या वाळूवर ओळीत लावत गेले. सर अधूनमधून एखादं उचलून पलीकडे ठेवायचे. लावता लावता माझा हात थांबला.

माझ्यासमोर वाळूवर एक पंजा होता. मनगट, तळवा, बोटं. माझ्या हातापेक्षा कितीतरी मोठा, पण हातच.

"सर, हे काय आहे?"

"पंख म्हणतात लोक त्याले. पोहायचा. आत असा हात असतो. अंगठा नाही. चार बोटं." त्यांनी आपला वाळलेला पंजा त्या पंजाशेजारी ठेवला. "मासा नव्हे तो. मायचं दूध पितो, हवेत श्वास घेतो. हे पाहा," त्यांनी एका मणक्याच्या टोकाची पापडासारखी चकती उचलून दाखवली, "वय झालं का ह्या चकत्या मणक्याले जुळतात. याच्या सुट्याच आहेत. लेकरूच होतं."

मग हातातलं फडकं पिळत, हवामानाची बातमी सांगावी तसं म्हणाले, "ते वाळूवर होतं तवा दूर पाण्यात एक मोठी मादी फिरत होती म्हणे. गावातल्या कोळ्यांनी पाह्यली. हे मेलं तरी मादी तिथंच होती. सुजातानं सांगितलं."

मला त्या ओल्या फरशीवरून उठावंसं वाटत होतं आणि उठवत नव्हतं.

त्याच आठवड्यात सर त्या हाताचं वरचं हाड साफ करत होते. खांद्यात बसतं ते. त्याच्यावर एक वेडीवाकडी गाठ होती, वारुळासारखी फुगलेली. सर तिला ब्रशनं घासत होते आणि गाठीच्या भेगेतून काहीतरी हिरवं दिसलं. त्यांनी मला हाक मारली. त्यांच्या आवाजात मी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं.

दोरी होती. नायलॉनची. हाडाला वेढा घालून आत गेलेली, आणि तिच्यावरून हाड वाढलेलं.

"जाळ्याची दोरी," सर म्हणाले. "अंगात रुतत गेली. कातडी कापली, मांस कापलं, हाडापर्यंत आली. हे असं एका दिवसात नाही होत जी. महिने लागतात. हाड तिले बुजवायले पाहत होतं. जिवंत होतं तोवर बुजवत राह्यलं."

त्या दिवशी ते "मांस सोडा" म्हणाले नाहीत.

इकडे बिल्डिंगमध्ये धुसफूस वाढली होती. कोणी म्हणे नळाचं पाणी खारट लागतं. कोणी म्हणे भिंतींना ओल येतेय, तीही मे महिन्यात. शेवटी चांडकजी सगळ्यांच्या वतीनं शेडमध्ये आले. टोपी घालून, नाकाला रुमाल लावून. मी परात घेऊन बसलेच होते.

"भोयर साहब, बहुत हो गया. आता हे हलवा. लेडीज लोक डरून राहिले. मीटिंग बोलावू का?"

सरांनी ते हाड उचलून चांडकजींपुढे धरलं आणि भेगेवर टॉर्च मारला.

चांडकजी वाकले. रुमाल नाकावरून खाली आला. दुकानदाराच्या सवयीनं त्यांनी बोट पुढे केलं आणि नखानं दोरीचा एक धागा किंचित उकलून पाहिला.

"ये तो अपनाच माल आहे," ते म्हणाले. मग घाईघाईनं, "म्हणजे माझ्या दुकानातला नाही. पण ही क्वालिटी हमारे पास भी आती है. अशीच हिरवी. मी गिऱ्हाइकाला सांगतो, सडत नाही, तुटत नाही, गॅरंटी." ते थांबले. "बच्चा होता का?"

"हाव जी."

चांडकजींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "काम पूरा करा. मी लोकांना समजावतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी शेडसाठी एक मोठी ताडपत्री पाठवली. मीटिंग झाली नाही.

जूनच्या तोंडावर सुजाता आली. पस्तिशीची, उन्हानं रापलेली, मोठ्यानं बोलणारी मुलगी. सांगाडा डोक्यापासून शेपटीपर्यंत लागलेला होता. ती त्याच्या बाजूनं हळूहळू चालत गेली आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "सर, काय काम केलंय! काय काम केलंय!" मग खांद्यापाशी आली, ती गाठ बघितली, आणि गुडघ्यावरच बसली.

"सर, हे तर सगळ्यांत महत्त्वाचं आहे. हे असंच राहू द्यायचं. लोकांना दाखवायचं. कोळ्यांच्या पोरांना, टुरिस्टांना. आम्ही मच्छीमारांना सांगून सांगून थकलो, फाटकी जाळी पाण्यात टाकू नका म्हणून. हे बघितल्यावर सांगायची गरज नाही."

सर भिंतीला टेकून उभे होते. "सुजाता," ते म्हणाले, "मले ते काढू दे वं."

"काय?"

"दोरी. काढून टाकू. मंग घेऊन जा."

"सर, तुम्ही? नमुन्याला हात लावायचा नाही, सापडलं तसं ठेवायचं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं ना?"

"शिकवलं असन." सरांनी चष्मा काढला. चष्म्याशिवायचा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच नीट पाहिला. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, म्हणजे खरोखर आमच्या तोंडाकडे. "आमचा मोठा भाऊ होता, रामभाऊ. कन्हानले पूर आला तवा वाहून गेला. खाप्याच्या खालच्या अंगाले मासे धरायच्या जाळ्यात सापडला. पार गुंडाळला होता. काठावर आणून ठेवला, आन् पोलीस म्हणाले, हात लावायचा नाही, पंचनामा व्हायचा आहे. साहेब तालुक्याहून यायचा होता. दिवसभर ठेवला तसाच. माय म्हणे, अरे, माह्या पोराले मोकळं तर करा. पाया पडे सगळ्यायच्या. कोणी जाळं काढू देल्लं नाही. मी पाहून राह्यलो होतो. लहान होतो मी."

शेडमध्ये टिन तापून तडतडत होतं.

सुजातानं आपल्या बॅगेतून एक छोटा चाकू काढला, उघडला आणि सरांच्या हातात दिला. "काढा सर," ती म्हणाली. "केंद्राचं मी बघते."

सर खाली बसले. त्यांनी ते हाड मांडीवर घेतलं, एखाद्या आजारी माणसाचा हात घ्यावा तसं. चाकूचं टोक भेगेत घातलं. आत दोरी हलली. कितीतरी वेळ ते तसेच बसले. मग त्यांनी चाकू मिटला.

"राहू दे," ते म्हणाले. "घेऊन जा अशीच. तवाच्या पंचनाम्यानं काही झालं नाही. याच्यानं तरी काही होऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो भरला. प्रत्येक हाड सरांनी स्वतः जुन्या चादरीत गुंडाळलं. खांद्याचं हाड सगळ्यांत शेवटी ठेवलं. चांडकजी दोऱ्या बांधायला उभे होते. त्यांनी काथ्याच्या दोऱ्या आणल्या होत्या, इतवारीत कुठून तरी शोधून. टेम्पो गेला. फरशीवरचा ओला आकार दोन-तीन दिवस उमटत राहिला, मग त्यालाही नागपूरच्या उन्हानं वाळवून टाकलं. स्कूटरी शेडमध्ये परत आल्या.

हिवाळ्यात केंद्र सुरू झालं. सरांना आग्रहाचं बोलावणं होतं, जाण्यायेण्याची सोय होती. ते गेले नाहीत. "मले एवढं पाणी नाही पाह्यचं," म्हणाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका रविवारी संध्याकाळी, मी त्यांना वांग्याच्या भरताचा डबा द्यायला गेले. दार उघडंच होतं. सर खुर्चीत बसले होते, फोन समोर टेबलावर होता आणि अख्ख्या खोलीत समुद्र भरला होता. लाट यायची, फुटायची, मागे ओढली जायची. सुजाता किनाऱ्यावर उभी होती आणि तिनं फोन पाण्याकडे धरला होता. मी उंबऱ्यातच थांबले.

"दिसते का वं?" सरांनी विचारलं.

"नाही सर. आज पाणी अगदी शांत आहे."

"मागच्या रविवारीही नाही दिसली."

"सर, आता एवढ्या दिवसांनी ती इकडे कशाला येईल? त्या फार दूर जातात. कुठल्या कुठे."

"आमची माय येत होती ना घाटावर. रामभाऊले आम्ही जाळून आलो, तिच्या डोळ्यांसमोर नेला, तरी येऊन बसे. रोज." सर फोनकडे वाकले. "हिनं तर पाह्यलंच नाही काही. पोरगं वाळूवर गेलं एवढंच ठाऊक. पुढचं तिले कोण सांगन?"

लाट आली आणि गेली.

"सर, इकडे अंधार पडतोय," ती थोड्या वेळानं हळूच म्हणाली.

"थांब वं जराशी," सर म्हणाले. "येईन त्याची माय."

ती थांबली. मी डबा दाराशी ठेवला, चप्पल काढली आणि आत जाऊन त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.